काकांचा फळा

पत्ता लिहून ठेवला नाही तर जगातली प्रत्येक वस्तू हरवलेलीच आहे, असं मानणारा माणूस साऱ्या नाशकात एकच, आणि ते म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. काकांनी उभी हयात ओझरला विमानांच्या कारखान्यात, टूल-स्टोअरमध्ये काढली. फळ्यावर जागा लिहिलेली नसेल तर डोळ्यांसमोरचा पानासुद्धा ते 'नाही' म्हणून सांगायचे. निवृत्त झाल्यावर तो फळा इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात आला. 'साखर : ओटा, डावीकडून दुसरा डबा.' 'छत्री : दारामागे, वरची खुंटी.' मला चहाला बोलावतानाही कॉलनी, इमारत, जिना, दार असा पूर्ण पत्ता सांगतात. मी समोरच्याच इमारतीत राहते. मावशी मात्र त्या फळ्याकडे कधी ढुंकूनही बघायची नाही.

मावशी जाऊन आता दोन वर्षं होतील. तिचा आवाज उरला तो एकाच कॅसेटमध्ये. माझ्या लेकीचं बारसं त्यांच्या घरी झालं, त्याची. काकांनी ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि त्यानंतर लगेच टेपच तुटली. उतरवलेल्यात खरखर इतकी, की पाळणा कोण म्हणतंय तेही कळेना. म्हणून त्यांनी खरखर काढणारा पायथनचा एक प्रोग्राम शोधला. काका लिनक्स वापरतात. फुकट मिळतं म्हणून नव्हे, "तिथे प्रत्येक फाइलला पूर्ण पत्ता असतो" म्हणून.

प्रोग्राम बसला, पण त्याचं नाव टाइप केलं की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी, म्हणे, अशी आज्ञा सापडत नाही. काका उलट खूश झाले.

"बरोबर आहे त्याचं. माल आलाय, फळ्यावर चढला नाही."

आज्ञा कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधायची याची लिनक्सकडे एका फाइलीत लिहिलेली यादी असते, पाथ म्हणतात तिला. नवं फोल्डर तीत नव्हतं. काकांनी ते लिहिलं. पण स्टोअरची सवय जाते कुठे? तिथे फळा आधी स्वच्छ पुसायचा, मग लिहायचा. जुनी यादी सगळी गेली. टर्मिनल नव्याने उघडलं तर एरवीच्या साध्यासुध्या आज्ञाही सापडेनात.

"काका, मावशीचं रेकॉर्डिंग पण गेलं का हो?" मला रडूच यायला लागलं.

"गेलं कुठे? सामान जागच्या जागी आहे. फळा तेवढा पुसला गेलाय."

आणि त्यांनी फाइल दुरुस्त करायच्या प्रोग्रामला नुसत्या नावाने न बोलावता, मला चहाला बोलावतात तसं, अथपासून इतिपर्यंत पत्ता घालून बोलावलं. तो मुकाट्याने आला. काकांनी जुनी यादी परत लिहिली आणि तिच्या शेवटी नवं फोल्डर जोडलं. आता खरखर काढणारा प्रोग्रामही नुसत्या नावाने चालला.

खरखर विरली. पाळण्याच्या मागून काकांचा तरुण आवाज आला, "अगं, काडेपेटी कुठाय?"

"देवघरात, समईच्या मागे. रोज विचारता हो तुम्ही."

काकांनी तेवढंच पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"खरंच रोज विचारायचो गं," ते म्हणाले. ते उठले, खडू शोधला आणि फळ्यावर सगळ्यांत खाली, जेमतेम उरलेल्या जागेत लिहिलं, 'काडेपेटी : देवघर, समईच्या मागे.' या वेळी आधीचं काही पुसलं नाही.