पास्कूमामाच्या इंजिनाची खोडी

ज्या घरानं मला परमुलखात आसरा दिला, त्या घरच्या कर्त्या माणसाची नोकरी मी जवळजवळ घालवली, आणि तीही निव्वळ कृतज्ञतेपोटी.

मी माणदेशातला. चौथीत गणितानं माझा नाद सोडला, मी शाळेचा सोडला, आणि पोटासाठी थोडं चालत, थोडं गाडीनं असा ठाण्याच्या बंदरावर येऊन पोचलो. तिथं एका शेठजींची छोटी आगबोट होती. मिठानं भरलेले पडाव खाडीतून कल्याणला ओढत न्यायचे, एवढंच तिचं काम. तिच्या भट्टीत कोळसा टाकायला आणि टाकीत पाणी भरायला मला ठेवलं. इंजिन चालवायचा पास्कूमामा. खाडीकाठच्या ख्रिस्ती वाडीतला, मिशा मोठ्या आणि आवाज लहान असा माणूस. राहायला जागा नाही म्हटल्यावर त्यानं मला सरळ घरीच नेलं. त्याची बायको इजाबेलमामी मला पाहून म्हणाली, "आरं देवा, ह्यो निस्ता हाडांचा सापळा! बस, जेव आधी." मी बसलो. (गावी हे कळवलं नाही. कळवलं असतं तर आई तिथून रडत चालत आली असती!) त्या दिवसापासून मामीनं काही सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं नाही. तिथंच सगळं बिघडलं.

थंडी पडली आणि इंजिनाला खोड लागली. एके दिवशी मुंब्र्याच्या पुढं 'खाड खाड' करून ते मध्येच थांबलं. मामानं खालच्या तोट्या उघडल्या, इंजिनानं पिचकाऱ्या मारून पाणी थुंकलं, आणि अर्ध्या तासानं जसं काही झालंच नाही असं चालू लागलं. पुढचे चार दिवस शहाण्यासारखं चाललं. पाचव्या दिवशी डोंबिवलीसमोर पुन्हा खाड खाड! मग आठवडाभर काही नाही. कायमचं बंद पडलं असतं तर परवडलं असतं, निदान काय मोडलं ते कळलं असतं. हे आपलं मनाला येईल तेव्हा रुसायचं.

उपाय सगळे झाले. सुकाणू धरणारा भिवा तांडेल पंख्यात शेवाळ अडकलंय का बघायला गार पाण्यात उतरला आणि दात वाजवत वर आला. "पंख्याला काय नाय! पन माझ्या पायाला खेकडा हाय!" मामानं पंप उघडून धुतला. कोळसा बदलला. मी नारळ बोललो. तरी इंजिन ते इंजिनच.

शेवटी भिवा म्हणाला, "पास्कू, ह्यो माणदेशी आल्यापासून व्हतंय बघ. पायगुण हाय!"

"गप रं," मामा म्हणाला. "गरीब पोर. त्यानं काय केलंय?"

माझे डोळे भरून आले. (आज शांतपणे विचार करता भिवाचं निदान तंतोतंत बरोबर होतं.)

आता मामीकडे वळतो. वाडीत लग्नसराई होती, आणि ख्रिस्ती लग्नात फुगे हवेतच. फुगे म्हणजे ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. वाडीतल्या प्रत्येक लग्नाचं पीठ मामीच भिजवायची, पण थंडीत ते फुगेना. "मेलं दगडावानी बसलंय!" ती वैतागून म्हणाली.

उपकार फेडायची अशी संधी मी सोडतो होय? म्हटलं, "मामी, बॉयलरला पाणी पुरवणारी टाकी आहे ना, तिच्यातून वाफेचा नळ जातो. पाणी सदा कोमट!"

"नेशील? पन मामाला बोलू नको, उगा कटकट करंल."

तेव्हापासून कुणाचं लग्न निघालं की मी पिठाचं भांडं फडक्यानं बांधून त्या टाकीत तरंगत ठेवायचो. परतताना भांडं बाहेरून बरबटलेलं असायचं. मी ते टाकीतच स्वच्छ विसळून घ्यायचो. (टापटिपीची मला पहिल्यापासून सवय!) आमच्या माणदेशात पीठ जिथं ठेवावं तिथंच राहतं. ते उठून फिरायला जातं, हे मला कोण सांगणार?

इकडे शेठजींची सहनशक्ती संपली. "पास्कू, मुंबईहून मिस्त्री आणतोय. त्याच्यासमोर इंजिन थांबलं तर ड्रायव्हरही मुंबईहून आणीन." मामाची लेक मारी, तिचं लग्न आठ दिवसांवर. मामाचं जेवण तुटलं. मामी चुलीपुढं बसून धुराच्या नावाखाली रडायची. मला तर घास गिळेना. (दोनदा वाढून घेतला, पण गिळेना.)

मिस्त्री आला तो नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी. सकाळी मामीनं माझ्या हातात भांडं नाही, हंडा दिला! "मारीच्या लग्नाचं हाय. जपून ने."

जीव गेला असता तरी मी तो नेला असता.

बोट सुटली. शेठजी छत्री धरून खुर्चीत. पारशी मिस्त्री घड्याळ धरून इंजिनापाशी. पारसिकचा डोंगर मागं पडला, मुंब्रा आलं. "अरे, एकदम सरस चालते!" मिस्त्री म्हणाला, आणि खाड खाड खाड... थांबलं. मामाचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला.

बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत मिस्त्रीनं डोकावून पाहिलं. "अरे बावा, हा तर दूध देते!" नळीत पांढरा फेस उसळत होता, आणि वाफेबरोबर तो इंजिनात शिरत होता. त्यानं तोटी उघडली, वास घेतला, बोट बुडवून चाटलं. "पास्कू, तू बॉयलरला ताडी पाजते?"

"मी सोता घेत नाय, त्याला कशाला पाजू?" मामा कळवळून म्हणाला.

तेवढ्यात टाकीचं झाकण आपोआप वर उठलं. भिवानं सुकाणू सोडून हात जोडले. मला दुसरं काही सुचलं नाही. मी उडी मारून झाकणावर बसलो!

"काय हाय रं आत?" मामानं विचारलं.

"काही नाही मामा." (चारी बाजूंनी पीठ बाहेर येत होतं.)

मला उचलून बाजूला ठेवलं गेलं. आत मारीच्या लग्नाचा हंडा पाहून मामाच्या सगळं ध्यानात आलं. तो शेठजींकडे वळून हळूच म्हणाला, "माझी चूक शेठ. म्या ठेवला."

"नाही शेठजी!" मी ओरडलो. "मी ठेवला! दर लग्नाला मीच ठेवतो! मामांना ठाऊकसुद्धा नाही. मला काढा!"

"त्याचं ऐकू नका, पोर हाय."

"मामांचं ऐकू नका, ते खोटं बोलताहेत!"

शेठजींना काढायला एकच माणूस हवा होता, दोघं भांडू लागल्यावर ते गोंधळले. मिस्त्री मात्र पोट धरून हसत होता. "शेठ, इंजिन चांगला, ड्रायव्हर पण चांगला. फकत बॉयलर धुवा." बोट काठाला लावून बॉयलर धुतला, टाकी घासली, गोडं पाणी भरलं आणि कल्याणपर्यंत इंजिनानं एक उचकीसुद्धा दिली नाही. शेठजींनी मामाला ठेवलं. माझ्या धोतरावरच्या पिठाकडे बघत म्हणाले, "तूही राहा. पण पाणी भिवा भरेल."

दुसऱ्या दिवशी लग्न झालं, फुग्यांवाचून. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "फुगे कुठं हाईत?" आणि मामी हसू दाबत माझ्याकडे बोट दाखवायची. नवरानवरी चर्चमधून बाहेर आली तेव्हा अर्धी वाडी माझ्याभोवतीच गोळा झालेली होती. त्या लग्नातला नवरदेव दिसायला कसा होता हे आज वाडीत पुष्कळांना आठवत नाही. मी कसा होतो, ते मात्र एकजणही विसरलेला नाही!