म्हाताऱ्यांची पी.टी.

पी.टी.च्या मास्तराकडे किस्से फार साठतात. गणिताच्या मास्तराला माणसाचं डोकं तेवढं दिसतं. आम्हाला माणूस उभा कसा राहतो, वाकतो कसा, दमल्यावर बसतो कसा, ते सगळं दिसतं. त्यातून मी शिरूरला असताना सात-आठ वर्षं म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग चालवला. सत्तर सालानंतरची गोष्ट. शाळेतल्या पोरांचे किस्से सांगितले की लोक हसतात. या म्हाताऱ्यांचे सांगायला लागलो की आधी हसतात, मग चहा मागवतात आणि विषय बदलतात.

* * *

वर्ग सुरू झाला तो वसंतरावांमुळे. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. सकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून निघायचे, एसटी स्टँडपर्यंत जायचे, तिथल्या हॉटेलात प्लेटभर भजी खायचे आणि टांग्यानं घरी.

एकदा मी टांगा अडवला. म्हटलं, "रावसाहेब, हे कसलं चालणं?"

"मास्तर, डॉक्टर चाला म्हणाले. परत कसं यायचं ते बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नदीकाठच्या तालमीपुढच्या मैदानावर बोलावलं. महिनाभरात सहा जण जमले.

* * *

त्या सहांत गेनू आबा होते. सत्तरी ओलांडलेली. उभा जन्म मेंढरांमागं गेला, पावसाळा सरला की कोकणात उतरायचं आणि उन्हाळ्यात परत. मुलांनी शेती धरली, मेंढरं काढून टाकली आणि बापाला ओसरीवर खाट दिली. "आता बसून खायचं," पोरं म्हणाली.

दोन वर्षांत आबांचे गुडघे धरले. आमच्याकडं आले तेव्हा जिना चढता येत नव्हता. मी हळूहळू उठाबशा सुरू केल्या, सहा महिन्यांत माणूस पुन्हा उकिडवा बसायला लागला. मला तर मेडल मिळाल्यासारखं झालं.

मग एके दिवशी थोरला मुलगा मैदानावर आला. माझ्याशी नीटच बोलला. "मास्तर, आबांना चड्डीवर नाचवू नका. लोक म्हणत्यात, पोरं बापाला बसून खाऊ देत न्हाईत."

आबा म्हणाले, "बसून खाल्लं म्हणून तर हितं आलो, बाबा."

* * *

आबांचाच दुसरा किस्सा. दौंडला एका मंडळानं साठीच्या वरच्या लोकांची चालण्याची शर्यत ठेवली होती. आम्ही सगळे पहिल्या गाडीनं गेलो. दौंडचे रिटायर झालेले रेल्वेवाले बूट-मोजे घालून तयार. आबा अनवाणी. शिट्टी झाली आणि आबा जे निघाले ते मागं वळून बघेनात. दुसरा नंबर आला तोवर यांचं पाणी पिऊन झालं होतं.

पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस दिलं. चकचकीत पॉलिश केलेली, पितळी मुठीची काठी. टेकून चालायची.

टाळ्या झाल्या. आबांनी काठी हातात घेतली, वजन बघितलं, हवेत एकदा फिरवली.

"कळप हाणायला झ्याक हाय," म्हणाले, "पण कळप हाय कुठं?"



* * *

सोनवणे गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. बौद्ध वस्तीत राहायचे. वर्गात सगळ्यात नेमाचा माणूस. दम लागायचा म्हणून आले होते, वर्षात दम गेला.

तालमीत दोन्ही हातांनी फिरवायचे लाकडी मुदगल होते. एकदा गुरुजींनी जोडी फिरवली आणि खाली ठेवली. पुढची पाळी वसंतरावांची. त्यांनी आधी धोतराच्या सोग्यानं दोन्ही मुठी पुसल्या, चांगल्या घासून. सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं आणि मोठ्यानं आकडे मोजत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी जोडी फिरवली, पिशवीतून धुतलेला, घडी घातलेला पंचा काढला आणि वसंतरावांपुढं धरला.

"घ्या. धोतर मळतं तुमचं."

वसंतरावांनी तो घेतला नाही. गुरुजी मात्र पुढं कितीतरी महिने रोज पंचा आणत राहिले. मी एकदाही काही बोललो नाही. सात-आठ वर्षांत मी त्या मैदानावर पुष्कळ काही शिकवलं, त्यात हे बसत नाही.

* * *

बहात्तरच्या दुष्काळात मला वाटलं, हा वर्ग गावोगाव न्यावा. तरुणपणी माणसाला असं काही वाटतं. सायकलवरून वडगाव रासाईला गेलो. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, माणसं खडी फोडत होती. दुपारची सुट्टी झाली तसं मी म्हाताऱ्यांना गोळा केलं आणि बोलायला लागलो. वय झालं म्हणून बसू नका. रोज हात वर करा, कमरेतून वाका. वाकल्यानं आयुष्य वाढतं.

समोर एक म्हातारी बसली होती, यमुनाबाई. हातातली हातोडी अजून खाली ठेवली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "वाकून वाकूनच तर सरलं आयुष्य. आता सरळ कसं व्हायचं, त्ये सांगा की."

ती उठली. खरंच तिला सरळ होता येत नव्हतं. कमरेतून काटकोनात उभी राहून मान वर करून ती माझ्याकडं बघत होती. थट्टा नव्हती, तिला उत्तर हवं होतं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टी संपली, ती परत खडीवर गेली. मी सायकल काढली.

* * *

वर्गाची खरी कमाई म्हणाल तर वसंतरावच. अडुसष्टाव्या वर्षी पंचवीस सूर्यनमस्कार. ब्लडप्रेशरची गोळी सुटली. एकदा डॉक्टरांचा कागद दाखवायला त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माईंनी भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी आणि दूध आणून ठेवलं. भिंत धरत आल्या, भिंत धरतच गेल्या.

मी म्हटलं, "माई, गुडघे दुखतात वाटतं. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवतो, तुम्हीही या."

वसंतराव हसले. "तिला कशाला? घरात दिवसभर तिचा व्यायामच चालतो."

माई दारातूनच म्हणाल्या, "येईन की. पण सकाळी यांचं पाणी तापवायचं, हरभरे, दूध, कपडे काढून ठेवायचे. मी आले तर हे कसे येतील?"

त्याच थंडीत माई गेल्या. चार दिवस ताप आला, तेवढंच निमित्त.

चौदाव्या दिवशी वसंतराव मैदानावर हजर. पंचवीस नमस्कार घातले, श्वास चुकला नाही. बाकीचे घरी गेले तरी ते बुटाची नाडी बांधत बसले होते. मी जवळ जाऊन बसलो.

त्यांनी मान वर केली.

"मास्तर, हरभरे किती वेळ भिजत घालायचे असतात हो?"