आपांच्या अंगठ्यातली मोहर

माणसाचा हात हातात घेतल्यावर चेहऱ्याआधी अंगठीकडे बघणारे लोक जगात दोनच प्रकारचे: चोर आणि होणारे सासरे. आमचे मोठे साडभाऊ हा तिसरा प्रकार, आणि तो सबंध वऱ्हाडात एकच आहे. अचलपूरला त्यांची संत्र्याची बाग आहे, पण बागेत ते झाडांकडे कमी आणि वखरलेल्या मातीकडे जास्त बघत चालतात. जुन्या अंगठ्यांतले कोरीव खडे, उलटी अक्षरं खोदलेल्या अकीक दगडाच्या मोहरा, बोराएवढ्या दगडावरचा बैल, ह्यांच्यापायी हा गृहस्थ जेवण होईपर्यंतही एका जागी बसलेला मी पाहिला नाही. तोंडात घास असतानाच उठतात, कपाटातून एखादी मोहर काढतात आणि ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, मळून ठेवलेल्या कणकेत दाबून बघतात. त्या घरी मी मीर-उमरावांच्या नावाचे रोडगे खाल्ले आहेत. "भाजल्यावर अक्षर फुगते," ही साडभाऊंची तक्रार. ताईंची तक्रार निराळी, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

तिवस्याला एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्याच्या बोटात त्यांना लाल खडा दिसला. अक्षता पडायच्या आत त्यांनी चुलत्याचा हात धरला, खिशातलं भिंग काढलं आणि तो हात उजेडाकडे फिरवून फिरवून बघू लागले. लोकांना वाटलं, ज्योतिषी आहेत. मागे बायांची रांग लागली. साडभाऊंनी प्रत्येकीची अंगठी मन लावून पाहिली आणि "काहीच नाही याच्यात," म्हणून एकेकीचा हात सोडून दिला. दोघीतिघी रडवेल्या होऊन पंगतीला बसल्या.

काही वर्षांपूर्वी अचलपुरातल्या एका सराफाकडून त्यांनी एक जुनी अंगठी घेतली. डाळिंबाच्या दाण्यासारखा अकीक, त्यावर वेलीसारखी फारसी अक्षरं. लाखेवर ठसा घेऊन ते तडक मशिदीतल्या मौलवींकडे गेले. मौलवींनी नाव वाचलं, मीर सलामत अली, आणि सांगितलं की त्या घराण्यातल्या एक म्हाताऱ्या बाई अकोल्यात राहतात. सगळे त्यांना आपा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ अमरावतीला माझ्या दारात हजर.

"चाला अकोल्याले. तिले मोहर दाखवतो, खातरी करतो, वापस येतो."

बसमध्ये त्यांनी तीनदा सीट बदलली आणि मूर्तिजापूरला उतरून रसवंतीवाल्याची अंगठी पाहून आले.

आपांचं घर छोटं, अंगणात मेंदीचं झाड. साडभाऊंनी रुमाल उलगडून अंगठी पुढे धरली. आपांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, खड्यावरून बोट फिरवलं. मग सरळ आपल्या अंगठ्यात घातली.

"दादाजान ऐसेच अंगूठे में पहनते थे," त्या म्हणाल्या. "अब्बा की बीमारी में बिक गई. तुम इतनी दूर से लौटाने आए, भैया."

मी साडभाऊंकडे पाहिलं. ह्या माणसाने एका मण्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरला होता. साडभाऊंचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पुढे केलेला हात तसाच हवेत होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला.

"हो," ते म्हणाले. "द्यालेच आलो होतो."

परतताना बडनेरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "साडभाऊ, सांगितलं का नाही?"

"मी 'नाही' म्हणायलेच तोंड उघडलं होतं," ते म्हणाले. "पण तिच्या आंगठ्यात मोहर इतकी बरोबर बसली होती, मंग कसं म्हणू?"

तेव्हापासून दर ईदेला ते अकोल्याला जातात. मोहरेकडे बघतसुद्धा नाही, असं मला सांगतात. एकदा सोबत गेलेल्या ताई म्हणतात, शिरखुर्म्याची वाटी तोंडाला लावून ते वाटीवरून आपांच्या अंगठ्याशिवाय दुसरं काहीच बघत नव्हते.

ह्या ईदेला मीही बरोबर होतो. आपांच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, तब्येत बरी नव्हती, लेक येऊन नांदेडला घेऊन गेली. कधी येतील ते सांगता येत नाही. साडभाऊ मेंदीच्या झाडापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग आपांसाठी आणलेली संत्र्यांची पिशवी त्यांनी शेजारणीच्या हातात दिली.

"संत्री तं तुमी खा," ते म्हणाले. "आपा आल्या की सांगा, अचलपूरवाला येऊन गेला."

"नाम क्या बताऊँ?"

"नावाचं काही नाही, बाई," साडभाऊ म्हणाले. "तिले समजते."