साडूंचं नाक आणि दोन नंबरचं पिंप

आमच्या थोरल्या साडूंना पहिल्या झटक्यात पसंत पडेल अशी वस्तू अजून या भूतलावर तयार व्हायची आहे. माझ्या लग्नात आमची ओळख करून दिली गेली, तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी माझ्या फेट्याकडे पाहिलं आणि "डावीकडे कललाय" एवढंच सांगितलं. या गोष्टीला तेवीस वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून डावीकडे कललेलाच आहे. चाकणला गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ते तपासणी खात्यात आहेत. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम हातात घ्यायचं, मोजायचं, आणि मान हलवून बाजूला ठेवायचं, याचा त्यांना पगार मिळतो. पंचाईत अशी की संध्याकाळी कंपनीची बस त्यांना थेरगावला सोडते तेव्हा हे खातंही त्यांच्याबरोबर उतरतं. ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, पोळी वाढली की ती ट्यूबलाइटकडे धरून पाहिली जाते. "कडेला जाड आहे" असा शेरा मिळतो आणि मग ती खाल्ली जाते. चारही पोळ्या अशाच शेरे मिळवून पोटात जातात. एकही पोळी परत गेल्याचं ताईला आठवत नाही.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. या माणसाचं नाक खरोखरच अजब होतं. एकदा भोसरीहून आम्ही शेअर रिक्षाने निघालो होतो. बसल्या बसल्या साडूंनी दोनदा हुंगलं आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, क्लच जळतोय तुमचा." ड्रायव्हर म्हणाला, "काका, बसायचं तर गप बसा, न्हाईतर उतरा." पुढच्या सिग्नलला रिक्षा जी बंद पडली ती पडलीच. आम्ही पाचही प्रवासी भर उन्हात रस्त्यावर आलो. चौघं ड्रायव्हरला शिव्या देत होते आणि साडू मात्र वरातीत चालावं तसे छाती काढून चालत होते. बसस्टॉप येईपर्यंत त्यांनी मला "बोललो होतो की नाही?" हे सात-आठ वेळा विचारलं. त्या दिवशी मी त्यांना जितकं सुखी पाहिलं तितकं त्यांच्या मुलीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

अशा माणसाला कंपनीने नव्या मशिनच्या चाचणीसाठी पंधरा दिवस इंग्लंडला पाठवलं, ही कंपनीची चूक. तिथे कुणीतरी त्यांना एका जुनाट दारूच्या दुकानात नेऊन इवल्याशा पेल्यात काळपट तांबडं काहीतरी पाजलं. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या आयुष्यात बार्लीवाइन आली. नावात वाइन असली तरी ती बिअरच; जवाचीच, पण नेहमीच्या बिअरच्या दुप्पट कडक, आणि उत्तम प्रतीची असेल तर ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्षभर मुरवलेली. ही माहिती मी मुद्दाम मिळवलेली नाही. साखरपुडे, वास्तुशांती आणि एका दहाव्यालाही ती माझ्या कानांवर आदळलेली आहे. पिंपरी-चिंचवडचा माणूस शिफ्ट संपवून बिअर पितो ती घशाला गार वाटावं म्हणून. साडू मात्र थंड बाटली आली की वेटरला बोलावून विचारायचे, "ही आजारी आहे का? बर्फात कशाला ठेवली?" मग पेला दोन्ही तळव्यांत धरून वीस मिनिटं नुसतं ऊब देणं चालायचं. कोंबडीसुद्धा इतकं मन लावून बसत नसेल. आपण तहानेने घोट घेतला की "गिळू नका!" असं ओरडायचे. "आधी वास. मग जीभ. गिळणं सगळ्यात शेवटी." शेंगदाण्यांना बंदी, चकलीला बंदी, बोलायला बंदी. त्यांच्याबरोबर बसणाऱ्या मित्रांपैकी तिघांनी कायमची दारू सोडली. त्या तिघांच्या बायका साडूंना अजून दुवा देतात.

अखेर त्यांना तोडीस तोड माणूस भेटलं. आमच्या भागात जागेवरच बिअर तयार करणारं एक छोटं हॉटेल निघालं. तिथली बिअर बनवणारी प्रज्ञा ही पिंपरीतल्याच एका कामगाराची मुलगी. बापाने तीस वर्षं कारखान्यात भट्टीसमोर काढली आणि पोरीला मायक्रोबायोलॉजी शिकवलं. पहिल्याच भेटीत साडूंनी तिच्या गव्हाच्या बिअरवर शेरा मारला, "केळ्याचा वास जास्त येतोय." दुसरं कुणी असतं तर हसलं असतं किंवा चिडलं असतं. प्रज्ञाने खुर्ची ओढली, वही उघडली आणि विचारलं, "किती जास्त, काका?"

साडूंना उभ्या आयुष्यात कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचे डोळे पाणावले होते, असं मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, कांदा असेल.

मग दर महिन्याला काका आणि प्रज्ञा समोरासमोर बसून हुंगत राहिले. तिने चार नमुने मांडायचे, यांनी तीन नाकारायचे. त्यातूनच तिने बार्लीवाइन करायचं मनावर घेतलं. दोन मोठी ओकची पिंपं भरली आणि वर्षभर मुरायला ठेवली. मालक कुरकुरत होता. एवढी जागा वर्षभर अडवायची कशाला, म्हणत होता. "बिघडलं तर मी काम सोडेन," असं सांगून तिने त्याला गप्प केलं होतं.

वर्ष भरत आलं त्या सुमारास साडूंना जबर ताप आला. आठ दिवसांनी उठले, कामाला लागले, सगळं नेहमीसारखं झालं. पण पुढे एक दिवस ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. महिना झाला, आमटीला नाव ठेवलं नाही."

"मग बरंच की," मी म्हणालो.

"बरं काय? परवा तर 'छान झालीय' म्हणाले. मला रात्रभर झोप नाही."

मी हसण्यावारी नेलं. साडूंच्या तोंडून 'छान' निघाल्याने घाबरणारी ताई मला तेव्हा गंमतच वाटली.

पिंपं उघडायचा दिवस ठरला. रविवारी सकाळी अकराला साडू मला घेऊन तिथे पोचले. त्यांना साक्षीदाराशिवाय शेरे मारायला आवडत नाही. हॉटेल अजून उघडलं नव्हतं. प्रज्ञाने एक नंबरच्या पिंपातून आणि दोन नंबरच्या पिंपातून असे दोन-दोन पेले काढले. तिचा चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असतो तसा झाला होता. म्हणाली, "काका, आठ दिवस रोज हुंगून माझं नाक बधिर झालंय. मला स्वतःचा भरवसा नाही. तुम्ही हो म्हणालात तर दोन्ही एकत्र करते आणि बाटल्या भरते."

साडूंनी पहिला पेला उबवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. "खजूर. मनुका. गूळ. मागून लाकूड," ते म्हणाले. मीही घोट घेतला, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदाच मला या प्रकरणातलं काहीतरी कळलं. दाट, गोड, मग हळूच कडवट, आणि छातीत उतरणारी ऊब. मग त्यांनी दुसरा पेला घेतला. तेच डोळे मिटणं, तोच आवाज. "खजूर. मनुका. गूळ. मागून लाकूड. उत्तम. एकत्र करा."

मी दुसरा पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच थांबलो. पावसात भिजलेला मोजा दोन दिवस बुटात राहिला की जो वास येतो, तो.

"जरा मोज्यासारखा वास येतोय का?" मी भीत भीत विचारलं.

"तुम्ही ताक प्या," साडू म्हणाले.

प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती, मग त्यांच्याकडे. "काका, नक्की? मला दोन नंबरची थोडी शंका होती. पण तुम्ही म्हणत असाल तर..." ती उठली आणि पंपाच्या बटणापाशी गेली. एकदा दोन्ही एकत्र झालं की परत वेगळं करता येणार नव्हतं.

साडू पेल्यात बघत राहिले.

"थांब पोरी," ते म्हणाले. "नगं करू."

चाकणजवळच्या गावात राहणाऱ्या आपल्या भावाशी फोनवर बोलतानाच त्यांच्या तोंडात ही भाषा येते. इतर वेळी ते पुस्तकातल्यासारखं बोलतात.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "तापानं गेला तो गेलाच. डॉक्टर म्हनतो, येईल न्हाईतर न्हाई. ह्याला काय वास हाय मला ठावं न्हाई. पहिल्या पेल्याचंबी न्हवतं ठावं."

"मग खजूर, मनुका..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"आठवून सांगितलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "असंच असतंय ते. असंच असायला पायजे."

इतक्या वर्षांचे टोमणे परत करायची यापेक्षा चांगली संधी मला मिळणार नव्हती. माझ्या जिभेवर एकही आला नाही. प्रज्ञा बटणापासून परत आली, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला होता, काका. मी ऐकलं असतं."

"म्हणून तर बोललो," साडू म्हणाले.

दोन नंबरचं पिंप ओतून दिलं. एक नंबरचं वाचलं, आणि प्रज्ञाची नोकरीही. त्या दुपारी तिने आम्हा दोघांना एक नंबरचा आणखी एकेक पेला दिला. साडूंनी त्यांचा घेतला, पण नाकाशी नेला नाही. थोडा वेळ तळव्यांत धरला आणि पिऊन टाकला, साधं पाणी प्यावं तसा.

परत येताना म्हणाले, चालत जाऊ. ताईला काय सांगायचं ते मी विचारलं. "मी सांगतो," म्हणाले. डांगे चौकाच्या अलीकडे, भाजीवाल्यांच्या गर्दीत, ते एकदम थांबले.

"राव, इथं कसला वास येतोय?"

मी इकडे तिकडे पाहिलं. "भजी तळतायत कुठेतरी."

"पाहून नका सांगू. कसली भजी?"

मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मन लावून हुंगलं. "कांद्याची. ओवा घातलाय. आणि..." जरा थांबलो, "तेल जुनं आहे."

भर चौकात, माणसांचे धक्के खात, साडूंनीही डोळे मिटले आणि सावकाश एक लांब श्वास आत घेतला. मी त्यांचं कोपर धरून तसाच उभा राहिलो.