मोघे सर, मन्या आणि दोन कर्ण

मोघे सरांच्या ट्यूशनचे किस्से म्हणजे आमच्या दाना ओली गल्लीतल्या लोंबत्या वायरी. कोणती कुठून आली, कुणाला पता नाही. एक ओढली की दहा खाली येतात!

ट्यूशनला आम्ही तिघं. सई, मन्या आणि मी. तिघंही गणितात लटकलेले, पण मन्या नववीत दुसऱ्यांदा. त्याच्या बाबांनी साफ सांगितलेलं, "ह्या वेळी फेल झालास तर शाळा बंद. सीधा काकाच्या वेल्डिंगच्या दुकानावर."

आणि सरांची फुफ्फुसं गेलेली. एक वाक्य शिकवायचे, मग खोकत बसायचे.

*

सरांचं म्हणणं, प्रत्येकाचं डोकं वेगळं चालतं, मग शिकवायचं पण वेगळं. सईला पाठ करून येतं, म्हणून तिला चौकोनाचे गुणधर्म आरतीच्या चालीवर बसवून दिले.

झालं! गणपतीत घरच्या आरतीत हिने मधेच सुरू केलं, "समोरासमोरच्या भुजा समान..." आजोबा डोळे मिटून टाळ्या वाजवत राहिले!

*

मला पैज लागल्याशिवाय काही घुसत नाही. सर म्हणाले, "प्रत्येक आयत हा समांतरभुज चौकोन असतो. नसलेला एक आणून दाखव, कचोरी माझ्याकडून."

मी महाराज बाड्याचा आख्खा बाजार पालथा घातला. फरशा, खिडक्या, दुकानांच्या पाट्या. एक नाही सापडला यार!

"आता जन्मात विसरणार नाहीस," सर म्हणाले. नाही विसरलो. कचोरी पण नाही मिळाली.

*

मन्याला ना गाणं, ना पैज. वहीत आकृती दिसली की त्याचं तोंडच बंद.

मग सरांनी दोन लांब, दोन आखूड अशा चार पट्ट्या घेतल्या, कोपऱ्यात ढिले खिळे ठोकले, चौकट केली. "दाब." मन्याने दाबली. चौकट तिरकी झाली.

"काय झालं?"

मन्याने मान तिरकी करून बघितलं. "सर, ह्याला कुणीतरी धक्का दिलाय."

मी आणि सई लोळलो हसून! सर नाही हसले. त्यांनी त्याच्या हातात सुतळी दिली. "ह्या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोज. हा कर्ण. आता दुसरा. दोन्ही सारखे, तर आयत. एक लांब निघाला, तर धक्का."

मन्याने मोजलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर परत तोंड बंद.

*

एकदा मी फळ्याच्या स्टँडचे स्क्रू ढिले केले. सर टेकले. स्टँड तिरका, सर खाली!

खाली बसूनच, खोकत खोकत विचारतात, "मन्या, काय झालं?"

"तुम्ही पडलात, सर."

*

सहामाहीत मन्याला भोपळा. सर जिना चढून, धापा टाकत त्याच्या बाबांकडे गेले. "वार्षिकपर्यंत थांबा. मी जायच्या आत हा मला एक तरी बरोबर उत्तर देईल."

बाबा म्हणाले, "सर, जरा लौकर करा."

कोणतं लौकर, ते कुणी विचारलं नाही.

*

वार्षिकच्या आधीच सर गेले.

सकाळी अंगणात सर झोपवलेले. शेजारीच गल्लीतल्या काकांनी सुतळीने बांबू बांधून तिरडी केली. सईचे आजोबा म्हणाले, "चला, वेळ होतोय."

"थांबा," मन्या म्हणाला.

उरलेली सुतळी घेऊन तो तिरडीपाशी बसला. ह्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत ताणली. गाठ कोपऱ्याच्या बाहेर गेली.

"अबे, स्मशानात कोण बघतंय तिरकी की सरळ!" एक काका ओरडले.

"मन्या, बाजूला हो!" बाबांनी त्याची कॉलर धरली.

मन्या उठला नाही. त्याने कोपरा दाबला. परत मोजलं. परत दाबला. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली, तेव्हा सगळे जोड आवळून बांधले. बाबांनी कॉलर सोडली होती.

मन्याने हात पँटला पुसले आणि सरांकडे वळला.

"आयत, सर."