लवकीतलं नख

वर्ध्यात आमच्या समोर एक रिटायर्ड बाबू राहतात. रोज सकाळी फाटकात उभं राहून ते बायबलातलं स्तुतीचं स्तोत्र म्हणतात, तेही देव बहिरा असल्यासारखं. शहाणपण देवाच्या भयातून सुरू होतं, या ओळीशी त्यांचे डोळे भक्तीनं मिटतात आणि अंगठ्याचं नख भाजीवालीच्या टोपलीतल्या लवकीत, म्हणजे दुधी भोपळ्यात, रुततं. पाच लवक्यांना अशी नखं लावून हे सहावी घेतात.

परवा भाजीवाली म्हणाली, "बाबूजी, देवाले भेता नं? मंग नख काऊन लावून राह्यले? हे लवकी आता कोन घेईन?"

त्यांनी डोळे उघडले. आभाळाकडे नाही, आधी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी दिसलो, तेव्हा कुठे नख बाहेर आलं.