यादीत नसलेलं स्टूल

क्वेरीवाला हा नाकासमोर चालणारा माणूस. ऑनलाइन दुकानाच्या डेटाबेसला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, घालून विक्रीचे आकडे काढणं, हे त्याचं काम. दर महिन्याला तो सगळ्यात कमी खपलेल्या वीस वस्तूंची यादी देई आणि मालकीणबाई त्या वस्तू दुकानातून काढून टाकत.

त्याचे सासरे निवृत्तीनंतर पाय टेकायची बुटकी लाकडी स्टुलं करायला लागले होते. त्यांतली काही याच दुकानाच्या गोदामात विक्रीला ठेवली होती. दर रविवारी सासरे विचारत, यादीत आमचं नाव आहे का? हा म्हणे, नाही. मग ते खुशीत नवं स्टूल करायला घेत. किती खपली याचा हिशोब जावयाकडे मागू नये, एवढी रीत ते पाळत. तीन वर्षांत त्यांच्या घरात चालायला वाट उरली नाही.

एका मंगळवारी क्वेरीवाल्याला स्वतःची चूक दिसली. त्याची क्वेरी वस्तूंचं टेबल, म्हणजे तक्ता, विक्रीच्या टेबलाला जोडायची आणि दोन्हीकडे सापडेल तेवढंच दाखवायची. जी वस्तू एकदाही विकली गेली नाही, तिची विक्रीत ओळच नाही. म्हणून ती यादीतही नाही. नापासांच्या यादीत, परीक्षेलाच न बसलेले कुठून येणार?

त्याने जोडणीतला एक शब्द बदलला. पहिल्याच ओळीत स्टूल आलं, पुढे शून्य.

झाकली मूठ झाकलेली ठेवता आली असती, कुणी विचारलंही नव्हतं. पण चुकीचा आकडा या गृहस्थाच्या पोटात ठरत नसे. त्याने नवी यादी पाठवली. मालकीणबाईंनी दोन मिनिटांत स्टूल काढून टाकलं आणि त्याचे आभार मानले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

रविवारी त्याने सासऱ्यांना सगळं सांगितलं, टेबलांच्या जोडणीसकट. आपल्याला फार वाईट वाटतंय, हेही सांगितलं. सासरे एका स्टुलाचा पाय पॉलिशपेपरने घासत होते. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं.

"शून्य म्हणजे कुणीच घेतलं नाही?"

"कुणीच नाही."

"ओळखीपाळखीतल्या कुणीसुद्धा?"

"नाही, बाबा. क्वेरी आता अगदी बरोबर आहे."

सासऱ्यांचा हात थांबला.

"म्हणजे तुम्हीही नाही," ते म्हणाले.